एकट्यासाठी एकोणतीस

अंडी तीस होती. त्यांतली बावीस फुटली, पाच तडकली आणि तीन, का कोण जाणे, जशीच्या तशी राहिली. याखेरीज औषधांच्या दुकानासमोरच्या वळणावर पुढील ऐवज पसरलेला होता : मोटारसायकल एक, डाव्या कुशीवर, हेल्मेटं दोन, आपापल्या डोक्यांवर, चप्पल एक, डाव्या पायातली, पट्टा तुटलेली, वडील एक, मुलगा एक. बघे अकरा. बारावा आला तो फोटो काढायला, त्यामुळे त्याला धरलेलं नाही.

ही मोजणी मुलाने स्वतः केली. गाडीखालून केली. माणूस पडला की देवाचं नाव घेतो, आईला हाक मारतो, निदान पालिकेला शिव्या तरी देतो. याने अंडी मोजली.

घरात त्याला दशांश म्हणत. हे नाव ताईने ठेवलं होतं, आणि त्यात अन्याय काही नव्हता. ताप आला की चारचौघांसारखं "जरा कणकण आहे" असं न म्हणता तो "अडतीस पूर्णांक दोन" म्हणायचा. साखर किती घालू असं विचारलं की "पावणेदोन चमचे, सपाट" असं उत्तर यायचं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून तो रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत लागला होता. तिथे पत्र्यावर बसलेल्या रंगाची जाडी मोजायचं काम होतं. केसाच्या जाडीचे भाग पाडून मोजणारा माणूस एरवी जगात फारसा खपत नाही. तिथे मात्र त्याला ओळखपत्र आणि पांढरा कोट मिळाला होता.

बाबांना साधं खरचटलंही नव्हतं. ते उठले, कपडे झटकले, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी असे ताठ उभे राहिले आणि अकरा माणसांसमोर म्हणाले, "तुला चालवता येत नाही."

गाडीखालून आवाज आला, "बाबा, मागच्या चाकात हवा कमी असणार. वळताना मागची बाजू पोहल्यासारखी..."

"चाकात कमी नव्हती. डोक्यात जास्त होती," बाबा म्हणाले. मग त्यांनी शाबूत राहिलेली तीन अंडी रुमालात बांधली, तुटकी चप्पल हातात घेतली आणि चालत घरी गेले.

आता एवढ्या गोष्टीचं काय मनाला लावून घ्यायचं, असं कुणी म्हणेल. पण गाडी बाबांची होती. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी ती चालवणं सोडलं आणि एका सकाळी किल्ली मुलाच्या ताटाशेजारी ठेवली.  ती किल्ली त्यांनी कधी स्वतःच्या सख्ख्या भावालासुद्धा दिली नव्हती. तेव्हापासून रोज सकाळी दशांश पुढे आणि डबा मांडीवर घेऊन बाबा मागे, अशी ती स्वारी पाणीपुरवठ्याच्या कचेरीपर्यंत जायची. वाटेत दोघं एक अक्षर बोलायचे नाहीत. दशांशच्या मते दिवसातला तो सगळ्यात चांगला भाग होता.

अंडी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो किल्ली घेऊन खाली आला, तर बाबा डबा मांडीवर घेऊन आधीच बसले होते. तळमजल्यावरच्या लाथकाकांच्या स्कूटरवर. मागे.

लाथकाका विम्याचे एजंट. हे नावही ताईचंच. बिघडलेल्या वस्तूला एक लाथ घालावी आणि मग बघावं, असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. फ्रिज, पाण्याची मोटर, जिन्यातला दिवा, सगळ्यांना त्यांनी याच उपचाराने बरं केलं होतं. दुर्दैव असं की यातलं बरंचसं खरोखरच बरं झालं होतं.

"काळजी करू नकोस रे," ते दशांशला म्हणाले. "आमच्याकडे वडील सुरक्षित आहेत. विमाही आहे."

स्कूटर फाटकाबाहेर गेली. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. दशांशने मात्र पाहिलं : स्कूटरचं मागचं चाक खाली चांगलंच चपटं झालं होतं. स्वतःचे वडील परक्या माणसाच्या मागे, तेही कमी हवेच्या चाकावर! त्या दिवशी कारखान्यात त्याने एका निर्दोष पत्र्याला दोनदा नापास केलं.

आपल्याला चालवता येतं, दोष हवेचा होता, हे सिद्ध केल्याशिवाय बाबा परत मागे बसायचे नाहीत, हे त्याला कळून चुकलं. वाद घालून बाबांशी कुणी जिंकलेलं नव्हतं. तेव्हा मोजमाप.

रविवारी सकाळी जुना दात घासायचा ब्रश आणि रॉकेल घेऊन तो गाडीशी बसला. साखळीच्या झाकणावर चिखलाच्या थराखाली चाकांत किती पौंड हवा भरायची ते सांगणारा कंपनीचा एक कागद चिकटवलेला असतो, असं त्याने वाचलं होतं. चिखल निघाला, त्याखालून ग्रीस निघालं, ग्रीसखालून निळा रंग निघाला (गाडी मुळात निळी होती हे त्याला त्या दिवशी कळलं) आणि शेवटी आकडे उमटले. पुढचं चाक : पंचवीस. मागचं चाक, एकट्यासाठी : एकोणतीस. मागचं चाक, दोघांसाठी : तेहतीस. त्याखाली बारीक अक्षरांत : टायर थंड असताना.

शेवटच्या ओळीवर त्याने नको इतका विश्वास ठेवला. पण ते पुढे येईल.

हवा मोजायचं, पेनासारखं दिसणारं गेज त्याने आदल्याच दिवशी आणलं होतं. व्हॉल्व्हवर टेकवलं, फुस्स झालं, आणि दांडी बाहेर आली. चोवीस! दोघांसाठी हवी तेहतीस, आणि होती चोवीस. चाक पोहणार नाही तर काय करणार? त्याला इतका आनंद झाला, की जणू टायरने स्वतःहून कबुलीजबाब दिला होता.

पण शास्त्र शिकलेला माणूस एका मोजणीवर थांबत नाही. पाच घ्याव्यात, सरासरी काढावी. त्याने घेतल्या. चोवीस, साडेतेवीस, तेवीस, साडेबावीस, बावीस. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत त्याचे आकडे कधी इतक्या शिस्तीत रांगेने उभे राहिले नव्हते. या शिस्तीचं कारण काय असावं याचा विचार करायचं सोडून तो जिना चढून वर गेला आणि सगळ्यांना साक्षीला बोलावून आला.

आई आली, हाताला कणीक लागलेली. ताई आली. बाबा आले, आले म्हणजे दोन पायऱ्या वर थांबले. लाथकाका तर बोलावण्याआधीच हजर होते.

"बघा," दशांश म्हणाला. फुस्स. "साडेएकवीस."

"तू तर चोवीस म्हणालास ना?" बाबा म्हणाले.

"चोवीसच आहे. थांबा." फुस्स. एकवीस.

"आण इकडे, मी बघते," ताई म्हणाली. फुऽस्स. वीस.

"मला पण बघू दे की जरा," आई म्हणाली. तिच्या कणकेच्या बोटांनी गेज तिरपं बसलं आणि बराच वेळ नुसतंच फुसफुसत राहिलं. "अगंबाई, आतमध्ये किती वारा आहे गं!"

"होता," ताई म्हणाली.

दांडी सतरावर आली तेव्हा दशांशच्या डोक्यात उजेड पडला. मोजताना दर वेळी थोडी हवा बाहेर जाते. तिच्याच जोरावर ती दांडी सरकते. हे त्याला माहीत होतं. यावर परीक्षेत त्याने दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं.

लाथकाका पुढे झाले आणि त्यांनी चाकाला एक लाथ घातली. "हवा कमी आहे," ते म्हणाले. "मीटर कशाला लागतो?"

बाबा दोन पायऱ्या खाली आले. "म्हणजे आपण पडलो तेव्हा चोवीस होती?"

"असणार."

"आणि आता सतरा."

"हो."

"म्हणजे ही बाकीची तू मोजून मोजून घालवलीस."

"आम्ही सगळ्यांनी मिळून..." दशांश म्हणाला, पण तेवढ्यात आई कणीक मळायला निघून गेली होती.

माळ्यावर बाबांचा पायाने मारायचा जुना पंप होता, गाडीबरोबर घेतलेला. दशांशने तो काढला आणि त्यावर नाचायला लागला. पंपाच्या वरून हवा आली, खालून आली, बाजूने आली. नळीतून तेवढी आली नाही.

"त्याचं आतलं चामडं वाळलंय," जाता जाता बाबा म्हणाले. ते लाथकाकांबरोबर बाजाराला निघाले होते. अंडी आणायला. हल्ली अंडीसुद्धा त्या स्कूटरवरूनच येत.

आता हवा भरायला पेट्रोल पंपावर जाणं आलं. तो फार लांब नाही. औषधांच्या दुकानावरून वळलं की चढाच्या टोकाला. कुणीही शहाणा माणूस हळूहळू चालवत गेला असता. पण कागदावर लिहिलं होतं, टायर थंड असताना. गाडी चालवली की टायर तापणार, आतली हवा तापणार, दाब वाढणार, आणि पंपावरचा आकडा खोटा ठरणार. आधीच एकदा शास्त्राने तोंडघशी पाडलं होतं. दुसऱ्यांदा त्याला ढिलाई चालणार नव्हती.

त्याने गाडी ढकलत न्यायचं ठरवलं.

धडधाकट मोटारसायकल ढकलत नेणाऱ्या माणसाकडे जग किती मायेने पाहतं, हे ज्याने ती कधी ढकललेली नाही त्याला कळायचं नाही. पहिल्या कोपऱ्यावर एका आजोबांनी विचारलं, "पेट्रोल संपलं का बाळा?" पेट्रोल टाकी भरून होतं. एका बाईने दुकानातून बाटली आणू का विचारलं. एक तरुण दुचाकीवरून आला, त्याने आपला पाय मागच्या फूटरेस्टला लावला आणि गाडी, दशांशसकट, दणदणीत वेगाने पुढे ढकलली. "अहो नको, नको! गरम होईल!" दशांश बाजूने धावत ओरडला. तरुणाला वाटलं, इंजिन. "आज गार हवा आहे दादा, काही होत नाही!" तो म्हणाला आणि ढकलत राहिला. चढ सुरू होतो तिथे त्याने आशीर्वाद दिल्यासारखा हात केला आणि निघून गेला. दशांशने खाली वाकून टायरला हात लावून पाहिला. जरासा कोमट लागला. मग तो सावलीत थांबून टायर गार व्हायची वाट पाहू लागला. ती सावली नेमकी औषधांच्या दुकानाची होती.

"आज अंडी नाहीत?" आतून दुकानदाराने विचारलं.

टायर निवल्यावर तो निघाला, तोच वळणावरच्या हवालदाराने हात केला.

"बंद पडली?"

"नाही."

"पेट्रोल?"

"आहे."

"पंक्चर?"

"नाही."

"किल्ली हरवली?"

दशांशने खिशातून किल्ली काढून दाखवली. हवालदाराने किल्लीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि घामाने निथळणाऱ्या दशांशकडे पाहिलं. "सुरू करा बघू."

दशांशने सुरू केली. पहिल्या फटक्यात झाली. त्याने लगेच बंद केली.

"मग ढकलता कशाला?"

हा प्रश्न इतका साधा होता की दशांशला त्याचं साधं उत्तर देता आलं नाही. त्याने बंदिस्त हवेचं तापमान आणि दाब यांचा संबंध सांगितला. हवालदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कागद दाखवा."

कागद बाबांच्या नावावर होते.

"हे कोण?"

"माझे वडील."

"कुठे असतात?"

"आत्ता शेजाऱ्यांच्या स्कूटरवर, मागे."

"स्वतःची गाडी असताना शेजाऱ्याच्या मागे का बसतात?"

आठवडाभर दशांश स्वतःलाच हा प्रश्न विचारत होता. तो शिट्टी लटकवलेल्या माणसाकडून ऐकावा लागेल, असं मात्र त्याला वाटलं नव्हतं. "बोलावतो त्यांना," तो म्हणाला आणि त्याने फोन लावला.

बाबा आले ते लाथकाकांच्या मागे, मांडीवर अंड्यांचा ट्रे घेऊन. ट्रेमध्ये तीस जागा होत्या आणि तीसही भरलेल्या होत्या. दशांशने मोजायचं नाही असं ठरवूनही मोजली.

"हा तुमचाच मुलगा?" हवालदाराने विचारलं.

बाबांनी उत्तर द्यायला अंमळ जास्तच वेळ घेतला. "हो."

"गाडी चांगली चालू असून ढकलत नेतोय. टायर तापतील म्हणतो. हे असं का करतो?"

बाबा म्हणाले, "शिकलेला आहे."

हवालदाराच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सहानुभूती दिसली. त्याने कागद परत केले, ते बाबांच्या हातात. "माझाही धाकटा शिकतोय," तो हळूच म्हणाला आणि वाहतूक सुरळीत करायला वळला.

लाथकाका म्हणाले, "मी पुढे जाऊन भाजी घेतो. येताना पंपावरून तुम्हाला उचलतो. अंडी राहू द्या माझ्या पायाशी." स्कूटर गेली. रस्त्यावर दोघंच उरले, आणि गाडी.

दशांशने हँडल धरलं. बाबांनी मागे जाऊन सीटखालच्या दांडीला हात घातला.

"बाबा, तुम्ही नका..."

"पुढे बघ," बाबा म्हणाले.

चढ तसा लांब होता. मागून बाबांचा श्वास ऐकू येत होता. मध्येच ते म्हणाले, "एकदा ही खरोखर बंद पडली होती. तुझ्या आईला माहेरून आणत होतो. आठ मैल ढकलली."

"आई काय करत होती?"

"गाडीवर बसली होती. उतर म्हणायचं मला धाडस झालं नाही."

दशांशला हसू आलं. मागून बाबाही हसल्यासारखं वाटलं. पण त्याने वळून खात्री केली नाही. पुढे बघायला सांगितलं होतं.

पंपावर हवेचं मशीन चालू होतं. मागे लांब रांग लागली होती आणि दशांशच्या पाठीशीच दहा चाकांचा पाण्याचा टँकर घुरघुरत उभा होता. हवा भरणाऱ्याने नळी ओढत आणली. "पुढे पंचवीस. मागे? एकटे की दोघं?"

दशांशने बाबांकडे पाहिलं. बाबा समोरच्या पाटीवरचे पेट्रोलचे दर अत्यंत एकाग्रतेने वाचत होते.

आता "दोघं" म्हणायला काय हरकत होती? पण माणसाने गृहीत धरू नये, असं त्याला प्रयोगशाळेत शिकवलं होतं. वडिलांना तर मुळीच धरू नये. तो म्हणाला, "एकटा."

एकोणतीस भरली. टँकरने हॉर्न दिला. दशांशने गाडी बाजूला घेतली, हेल्मेट चढवलं, गाडी सुरू केली आणि त्याच्या खांद्यावर हात पडला. बाबांचा. आधारासाठी त्यांनी हात टेकला होता आणि उजवा पाय उचलून सीटवरून पलीकडे टाकायच्या बेतात होते. आठवडाभर ज्याच्यासाठी जीव टाकला होता, ते सगळं त्या अर्ध्या उचललेल्या पायात होतं.

आणि दशांश म्हणाला, "थांबा, थांबा बाबा! ही एकट्याची हवा आहे. दोघांना तेहतीस लागते."

पाय जागच्या जागी थांबला. मग हळूच खाली आला. खांद्यावरचा हात निघाला.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "आकडा चुकायला नको."

काय बोलून बसलो हे दशांशला कळलं, पण नेहमीप्रमाणे फुस्स झाल्यावर. तो मशीनकडे धावला. टँकरचं पहिलंच चाक भरणं चालू होतं. "दादा, चारच पौंड! चारच टाकायचेत!" हवा भरणाऱ्याने टँकरच्या उरलेल्या नऊ चाकांकडे बोट दाखवलं. दशांश मागे वळला तेव्हा लाथकाकांची स्कूटर फाटकाबाहेर पडत होती, आणि मागे अंडी मांडीवर घेतलेली, ओळखीची, ताठ पाठ होती.

गाडी घरापर्यंत फार सुंदर चालली. वळणावर जराही पोहली नाही. दशांशला त्याचं काडीचंही समाधान वाटलं नाही.

घरी बातमी त्याच्या आधी पोचली होती. "बाबा स्वतःहून बसत होते," ताई म्हणाली, "आणि तू त्यांना उतरवलंस?"

"शास्त्रीयदृष्ट्या..."

"दशांश, तू पूर्णांकात कधी येणार रे?"

 आईने त्याच्या चहात साखर घातली ती न मोजता, सढळ हाताने, आजारी माणसाला घालतात तशी. संध्याकाळी मागच्या गॅलरीचं दार आतून बंद होतं आणि तिथून काहीतरी कापल्याचा, ठोकल्याचा आवाज येत होता. दशांश उठून बघायला निघाला, तर आई म्हणाली, "बस तू. आज पुरे झाली तुझी तपासणी."

सोमवारी सकाळी तो किल्ली घेऊन खाली उतरला. लाथकाकांनी स्कूटर फाटकाशी आणून ठेवली होती आणि ते हॉर्न वाजवत होते.

"तुम्ही व्हा पुढे," कुणीतरी धापा टाकत म्हणालं.

मोटारसायकलच्या मागच्या चाकाशी बाबा उभे होते. शर्ट पाठीला चिकटला होता. डबा सीटवर होता. पायाशी जुना पंप होता, तेलाने चकाकणारा, आणि शेजारी ती पट्टा तुटलेली चप्पल. तिच्या टाचेजवळून चामड्याचा एक गोल तुकडा अगदी व्यवस्थित कापून काढलेला होता.

स्कूटर एकटीच फाटकाबाहेर गेली. बाबांनी खिशातून दशांशचं गेज काढून त्याच्यापुढे धरलं.

"मोज," ते म्हणाले. "एकदाच."

दशांश खाली बसला. गेज व्हॉल्व्हवर सरळ टेकवलं. फुस्स झालं, दांडी बाहेर आली, आणि त्याने आकडा वाचला.

तेहतीस.